चौदा आवर्तनं

"तात्या, मला एवढंच सांगा. किती बघितलं म्हणजे जास्त?"

सुयोग हे बोलतच जिना चढून वर आला. ना नमस्कार, ना घोटभर पाणी.

देवीच्या डोंगरावरच्या नगारखान्यात तेव्हा आम्ही दोघंच होतो. दुपारचा नैवेद्य होऊन गेला होता. बाबूतात्या सनईची पत्ती ओली करत होते, मी संबळाची वादी ओढत होतो. तात्या इथं साठ वर्षं वाजवतात, त्यातली तीस मी त्यांच्या शेजारी बसून काढली.

सुयोग म्हणजे तात्यांचा सगळ्यात गुणी शिष्य, आणि सगळ्यात मिजासखोरही तोच. त्याच्या सनईचे व्हिडिओ लाखांनी लोक बघतात, हे तो भेटेल तेव्हा ऐकवायचा. वर्षभरात त्यानं डोंगराची पायरी चढली नव्हती. तरी त्याचा राग यायचा नाही. असली गोड फुंकर कुणाला मिळते हो?

"काय बघितलं?" तात्यांनी विचारलं.

"मोबाईल. एका डॉक्टरांनी व्यसनाची दहा लक्षणं दिलीयत. उठल्याउठल्या हातात घेता का, जेवताना बघता का, कुणी वाहवा केली नाही तर जीव कासावीस होतो का... दहातली सात मला लागू पडतात. सात म्हणजे आजार धरायचा का नाही?"

"तुला काय वाटतं?"

"सात म्हणजे काही फार नाही, तात्या. माझ्यासारखे हजारो असतील."

"मग एवढा डोंगर कशाला चढलास?"

सुयोग खाली बसला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चार दिवसांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीचं, मंजिरीचं लग्न झालं. पाठवणीला सनई दादाचीच पाहिजे, दुसऱ्या कुणाची नको, असा पोरीचा हट्ट होता. यानं उजव्या हाताला मोबाईल उभा केला, चुलतभावाला मागं सूर धरायला बसवलं आणि वाजवायला घेतलं. मांडवापासून गाडी पंचवीस पावलांवर. मंजिरी आईच्या गळ्यात पडून रडत होती, अजून निघालीसुद्धा नव्हती, आणि यानं सनई खाली ठेवली.

"का ठेवलीस?"

"माहीत नाही! देवीची शपथ, तात्या. व्हिडिओ कसा आलाय ते बघायला वाकलो. मागं नुसता सूर चालू. सगळ्यांना वाटलं, झालं वाजवून. तिनं वळून माझ्याकडं बघितलं... आणि तशीच गेली. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही."

"माफी मागितलीस?"

"मागितली की."

"कुठं?"

सुयोगनं मान खाली घातली.

"तिथंच... व्हिडिओ करून टाकला. सत्तर हजार लोकांनी बघितला."

"आणि तिनं?"

"तिनं नाही."

मला हसू फुटलं, आणि लगेच माझीच मला लाज वाटली. पोरगं आतून पार पोळलं होतं.

तात्यांनी आपली सनई त्याच्या हातात दिली. स्वतः कोपऱ्यातली सुराची सनई उचलली. सुराच्या सनईवर एकच स्वर धरून बसायचं असतं. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा, पण सूर तुटू द्यायचा नाही. हे शिकाऊ माणसाचं काम.

सुयोग दचकलाच. "तुम्ही? तुम्ही माझ्यामागं सूर धरणार?"

"पाठवणी वाजव."

त्यानं वाजवलं, मी ठेका धरला. अहाहा! काय वाजवलं म्हणून सांगू! मला माझ्या लेकीची पाठवणी आठवली, संबळावरचा हात जड झाला.

मग सफाईदार तुकडा घेऊन तो थांबला. सनई खाली आली आणि नजर उजवीकडं गेली. तिथं नुसती भिंत होती.

तात्यांचा सूर मात्र थांबला नाही. त्यांनी भुवईनंच खुणावलं, चालू दे.

त्यानं पुन्हा वाजवलं. पुन्हा तसाच तुकडा, पुन्हा सनई खाली.

सूर चालूच.

तिसऱ्यांदाही तेच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या, पण सूर सोडायला तयार नाही. मला तर भीती वाटायला लागली.

आता मी पडलो संबळवाला. ठेक्याची एक फेरी पुरी झाली की एक आवर्तन, ते मी मोजायचं म्हणून मोजत नाही, आपोआप मोजलं जातं. मला राहवेना.

"चौदा," मी म्हणालो.

"काय चौदा, काका?"

"आवर्तनं. तिन्ही खेपेला चौदाव्यालाच थांबलास. पंधरावं तू घेतलंच नाहीस बाबा."

सुयोग माझ्याकडं बघत राहिला.

"दीड मिनिट," तो म्हणाला. "माझा प्रत्येक व्हिडिओ दीड मिनिटाचा असतो... काका, मी तास तास वाजवायचो. इथंच, ह्याच खिडकीत बसून."

"वाजवायचास रे. मीच होतो की साथीला."

तो ढसाढसा रडला. लक्षणं-बिक्षणं सगळी विसरला.

तात्यांनी तेव्हा कुठं सूर सोडला. त्यांना धाप लागली होती. मी तांब्या पुढं केला, तर त्यांनी आधी तो सुयोगला दिला.

"तात्या, हा मोबाईल मी आत्ता खाली दरीत फेकतो!"

"नको. खाली गुरं चरतायत."

"मग मी करू तरी काय?"

तात्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मंजिरीचं सासर कुठं आलं?"

"पलीकडच्या वाडीत. चालत तासभर लागतो."

"सनई घेऊन जा."

"आता? ना मांडव, ना वऱ्हाड! आणि चार दिवस झाले, तात्या. ती कधीच सासरी गेली."

"कोण म्हणतं गेली? ती अजून तुझ्या दारात उभी आहे. जा, पोचवून ये."