पाहुण्याची पानं

सावकाश ऐका, गोष्ट काही पळून जात नाही. केळव्याचा हिराजी सावे विड्याची पानं गलबतात भरून दर्यापार विकायला गेला. त्या बंदरात पानं घेणारा बडा व्यापारी एकच, शेख हमदान. तिथला रिवाज असा, की परदेशी व्यापाऱ्याचा आधी तीन दिवस पाहुणचार करायचा. तोवर पाहुण्याने धंद्याचा शब्द काढला, तर सौदाच बंद. रिवाज चांगलाच हो, पण तोवर पानं पिवळी पडायची आणि शेख ती मातीमोलाने घ्यायचा.

शेखने खजूर पुढे केले आणि भरल्या बैठकीत ऐटीत म्हणाला, "हिराजीभाई, आमच्या घरी पाहुण्याच्या चपलेलाही धक्का लागत नाही. त्याची प्रत्येक वस्तू आम्ही जिवापाड जपतो."

हिराजीने हात जोडले. "ऐकून जीव भांड्यात पडला, शेखसाहेब. धंद्याचं मी बोलतच नाही. माझ्या करंड्या तेवढ्या आत घ्या. आज जशी हिरवी पानं देतोय, तशीच हिरवी चौथ्या दिवशी परत द्या."

बैठकीतली माणसं शेखकडे बघू लागली. नाही म्हणावं तर घराची अब्रू जाते, हो म्हणावं तर पानं हिरवी ठेवणार कोण?

शेखने कहव्याचा पेला खाली ठेवला. "पानांना कसला पाहुणचार? त्यांचा भाव आत्ताच सांग."

"मी कसा सांगू? मी पाहुणा. तुम्हीच बोला, पण ताज्या पानांचा बोला."

शेखला हसू आलं. भाव ताज्या पानांचाच मिळाला. हिराजी मात्र पुढे तीन दिवस तिथेच खजूर खात राहिला. परक्या मुलखाचा रिवाज आपण कशाला मोडायचा?