गाबोळीचं ताट

किल्लेदार विसाजीरावांना माशांच्या अंड्यांचं, म्हणजे गाबोळीचं भारी वेड. त्यांनी हुकूमच काढला, की नारळी पुनवेची वाट बघायची नाही. भर पावसाळ्यात होड्या लोटायच्या आणि अंड्यांनी भरलेली मासळी गडावर पोचवायची.

वर्षागणिक जाळी रिकामी येऊ लागली. किल्लेदार चक्रावले. समुद्र तोच, होड्या त्याच, मग मासळी गेली कुठे? शेजारच्या बंदराने पळवली म्हणावं, तर तिथले लोकही कपाळाला हात लावून बसलेले. जोशीबुवा म्हणाले ग्रह, कारभारी म्हणाला करणी. शेवटी वैतागून किल्लेदारांनी कोळ्यांना जेवणाच्या पाटासमोरच उभं केलं.

"मासळी कुठे लपवलीत ते सांगा, नाहीतर होड्या जाळतो!" घास चावत ते गरजले.

कोळ्यांतली म्हातारी हरकूबाय पुढे झाली.

"सांगते सरकार. पण आधी चावायचं थांबवा."

"का?"

"पुढच्या सालची मासळी तुमच्या तोंडात हाय."

किल्लेदारांचा जबडा जागीच थांबला. त्यांनी खाली पाहिलं. ताटात तळलेली गाबोळी होती, अर्धी खाल्लेली. तोंडातला घास गिळावा की थुंकावा, हे काही त्यांना कळेना.