धुरपदाबाईनं कान लावला तेव्हा

खैरडोहात विजेचे खांब यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. गावाचं पाणी खाली डोहात होतं, आणि ते वर चढवायला एकच डिझेल इंजिन होतं. ऐन चैत्रात ते बंद पडलं.

तालुक्याहून दुरुस्तीचा साहेब बैलगाडी घेऊन आला. हातही न लावता म्हणाला, "पिस्टन गेला. उघडायला न्यावं लागेल."

आधीचं इंजिन असंच उघडायला नेलं होतं. ते परत आलं नाही, आणि त्याच उन्हाळ्यात घागर घेऊन दरड चढताना धुरपदाबाईची सून पाय घसरून पडली, ती गेलीच. धुरपदा गावची सुईण, आणि पिठाच्या गिरणीचं इंजिनही तीच चालवायची. ती चाकाला पाठ लावून उभी राहिली.

"उघडल्याशिवाय आतलं कळतं का, बाई?" साहेब हसला.

"मूल आडवं आलंय का बघायला मी पोट फाडत नाही."

"धुरपदे, बाजूला हो," पाटील म्हणाले. "साहेब शिकलेले आहेत."

"मग आधी हात लावायचा होता. पाटील, तुम्हीच चाक फिरवा. सावकाश."

पाटलांनी फिरवलं. धडधाकट इंजिन आत हवा दाबून धरतं आणि चाकाला मागं रेटतं. हे रेटत नव्हतं. दाब कुठून तरी निसटत होता. धुरपदानं कान लावला. असं म्हणतात, तेव्हा गाडीच्या बैलांनी श्वास रोखला आणि नदी घटकाभर वाहायची थांबली. इंजिनाच्या पोटाशी शांत, म्हणजे पिस्टन आणि रिंगा शाबूत. हवेच्या नळीशी शांत. धुराड्याशी मात्र बारीक फुसफुस. असं म्हणतात, तिला लोखंडाच्या आतलं सगळं दिसलं, नितळ पाण्यातले गोटे दिसावेत तसं.

"धुराचा व्हॉल्व्ह मिटत नाही. काजळी धरलीय. दुसरं काही नाही."

तिनं व्हॉल्व्हच्या दांडीवर रॉकेल सोडलं, लाकडी मोगरीनं हलकेच ठोकलं. पुन्हा फिरवताना चाकानं असा हिसका दिला, की पाटील तीन पावलं मागं गेले. इंजिन सुरू झालं. साहेबाची गाडी रिकामी गेली. पुढं पाऊस लागेपर्यंत टाकीत थेंबभर डिझेल ओतावं लागलं नाही, असं म्हणतात.

आजही खैरडोहात इंजिन ट्रॅक्टरचं असो की मोटरसायकलचं, पाना लावण्याआधी धुरपदाबाईच्या नावानं सगळे गप्प होतात आणि तीन ठिकाणी कान लावतात. गेल्या साली शाळा बंद करायचा कागद घेऊन एक अधिकारी आले. "आधी कान लावा," म्हणत बायकांनी त्यांना वर्गात बसवलं, आणि मुलांचे एकोणतिसापर्यंतचे पाढे ऐकून होईपर्यंत उठू दिलं नाही.