दोन तासांचं भाषण
संस्थाध्यक्ष दादासाहेब इंगवले यांचं दोन तासांचं भाषण पेन ड्राइव्हमध्ये मावेना. व्हिडिओ आवळून लहान करणाऱ्या भारी कोडेकने फाइल आवळली तर चित्र झकास, पण जागा पुरेना. हलक्याने आवळली तर जागा उरे, पण चेहरा फुटे. तिसऱ्यांदा फाइल परत आली, तेव्हा एडिटर हेमलता पार थकली होती.

“चित्र फुटता कामा नये, मुद्दा सुटता कामा नये आणि ड्राइव्ह हाच. नाहीतर काम दुसऱ्याला,” दादासाहेबांनी बजावलं.

दुपारी हेमलताने नवी फाइल दाखवली. चित्र लख्ख होतं.

“एखादा मुद्दा राहिला का, साहेब?” तिने विचारलं.

दादासाहेबांनी आठवून पाहिलं. “नाही. पण ही अकराच मिनिटं कशी?”

“कोडेक चित्राचं करतो तेच मी भाषणाचं केलं, साहेब. तेच ते पुन्हा आलं, की एकदाच ठेवलं.”