जागेवर नसलेला खंड

एकदा एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात चोरी झाली. मात्र चोरीची वस्तू दाराबाहेर गेलीच नाही.

चोरी करणारी एक विद्यार्थिनी होती. घरी दीड वर्षाची मुलगी, सई, आणि हाती अर्धा लिहिलेला प्रबंध. स्त्रियांच्या एका जुन्या मासिकावर तिचे संशोधन चालले होते. त्या मासिकाचे अंक वर्षवार एकत्र बांधलेले होते, आणि असे बांधीव खंड घरी न्यायला मिळत नसत. तिथेच बसून वाचायचे, उठताना टेबलावर ठेवून जायचे, असा नियम होता. सई शेजारच्या काकूंकडे झोपलेली असे तेवढाच वेळ हिचा. त्या वेळात खंड दुसऱ्याच्या हातात असला, की दिवस वाया.

म्हणून एक दिवस तिने दुसरा खंड टेबलावर ठेवलाच नाही. पशुवैद्यकाच्या रॅकवर, गुरांच्या रोगांवरच्या जाडजूड पुस्तकांमागे तो सरकवला आणि घरी निघाली. वाटेत तिला वाटले, आपण चुकलो. मग वाटले, गॅस बंद केला ना? दुसऱ्या शंकेत पहिली विरून गेली.

ग्रंथालयात खिडकीशी एक वृद्ध प्राध्यापक बसत. निवृत्त झाले तरी तिचे मार्गदर्शन त्यांनी सोडले नव्हते. तिची अडचण त्यांना ठाऊक होती: मासिकाचा पहिला खंड सापडत नव्हता. काउंटरवर विचारले की ग्रंथपालबाई म्हणत, "जागेवर नाही." पहिल्या खंडावाचून पहिले प्रकरण उभे राहत नव्हते, आणि विभागाने दिलेली मुदतवाढ शेवटची होती.

एके दुपारी दिगंबर नावाचा विद्यार्थी काउंटरवर आला. लांबच्या तालुक्याहून एसटीने आलेला, सँडलवर धूळ.

"मॅडम, दुसरा खंड?"

"जागेवर नाही."

"मागच्या वेळीपण नव्हता."

"मग आतापण नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

तो बाहेर जाऊन पायरीवर डबा उघडून बसला. जवळच्या टेबलाशी बसलेल्या विद्यार्थिनीने मान खाली घातली. तेवढ्यात खिडकीजवळून सरांचा आवाज आला, "काय गं, भाषेच्या विद्यार्थिनीला रोज गुरांच्या रोगांत कसला रस?"

आता ती ओशाळेल, असे कुणालाही वाटले असते. ती उलट भडकली.

"हो, मीच ठेवलाय तिथे. तुम्ही सकाळी येता सर, खुर्ची गरम होईपर्यंत बसता. मी पान उलटताना घड्याळ बघते. नियम करणाऱ्यांच्या घरी बाळं नव्हती का? होती. पण ती दुसरं कुणीतरी सांभाळत होतं! मी नाही बाहेर काढणार."

बोलून झाल्यावर तिला भान आले. सर मार्गदर्शन सोडतील, प्रबंध संपला. पण वृद्धांनी काठी घेतली आणि ते उठले.

"चल, पहिला खंड शोधू."

"तो हरवलाय सर."

"असेलही. पण तुला तो लपवायचा असता, तर तू कुठे लपवला असतास?"

थट्टा आहे की शिक्षा, तिला कळेना. पण मन थांबले नाही. लपवणाऱ्याचे मन लपवणाऱ्याच्या वाटेने चालू लागले. "जिथे पंखा नाही, तिथे. म्हणजे कुणी बसायला येत नाही. आणि अगदी खालच्या कप्प्यात. खरं तर माझ्या मनात आधी तीच जागा आली होती. पण तिथे वाकावं लागतं, आणि बाळंतपणापासून माझी कंबर..."

"दाखव."

कोपऱ्यात मत्स्यव्यवसायाची पुस्तके होती. ती सरळ फरशीवर बसली. रांगेमागे हात घातला, तर बोटांना कापडी पुठ्ठा लागला. धुळीने माखलेला पहिला खंड बाहेर आला. त्यात खुणेसाठी केसांची एक पिन होती, गंजलेली, अगदी सुरुवातीच्याच पानांत.

तिने पिनेवरचा गंज बोटाने पुसला. "जिने हा लपवला, ती परत आलीच नाही," ती म्हणाली.

"नाही आली," वृद्ध म्हणाले. "तिचंही बरोबर असेल. घरी कुणी आजारी पडलं असेल, लग्न ठरलं असेल. तुझंही बरोबर आहे. नियम वाईट आहे, मीही म्हणतो. पण नियमाशी भांडण त्याच्या तोंडावर करायचं असतं. कपाटाआड केलेलं भांडण नियमाला ऐकूच जात नाही. ते मागून येणाऱ्याला ऐकू येतं, आणि त्याला इतकंच ऐकू येतं: जागेवर नाही. तिचं बंड तुझ्या वाट्याला आलं. तुझं बंड बाहेर पायरीवर डबा खातंय."

ती उठली. गुरांच्या रोगांमागून दुसरा खंड काढला आणि दोन्ही काउंटरवर ठेवले.

"अगंबाई! कुठे मिळाले?"

"एक मी लपवला होता. एक माझ्यासारखीच कुणीतरी. हा दुसरा दिगंबरला द्या. आणि पहिला मला रात्रीपुरता घरी हवाय."

"बांधीव खंड घरी जात नाहीत."

"मग उद्यापासून मुलीला घेऊन येते."

"लहान मुलांना आत परवानगी नाही!"

"तसं लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी ती सईला कडेवर घेऊन आली. सरळ काउंटरपाशी आली. ग्रंथपालबाईंनी तोवर नियमांचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला होता. छत्री, पिशवी, खाद्यपदार्थ यांना मज्जाव होता. मुलांचे नाव कुठे नव्हते. होते ते एवढेच: शांतता राखावी.

"रडली तर?"

"रडली तर बाहेर जाईन. आता कुठे रडतेय?"

सई छताच्या पंख्याकडे पाहत, आईच्या आठवणीत प्रथमच, गप्प होती.

ग्रंथपालबाईंनी एकदा फलकाकडे पाहिले, एकदा सईकडे, आणि पहिला खंड पुढे केला. दिगंबरने दुसरा खंड जरा बाजूला ओढून टेबलावर जागा केली. खिडकीशी बसलेल्या वृद्धांनी वर पाहिले नाही.

सईने पहिली जांभई दिली तेव्हा आई उठली आणि खंड टेबलाच्या मधोमध ठेवला, कुणाच्याही नजरेला पडेल असा. गंजलेली पिन मात्र तिने पुढच्या अंकात सरकवली होती.

भांडावे, पण काउंटरवर.