म्हादूने आबांचं उत्पन्न दाखवलं

एका गावात एक भोळा मुलगा होता. नाव म्हादू. कसाबसा बारावी पास झाला आणि तालुक्याच्या कॉलेजात जाऊ लागला. त्याचे वडील, आबा, मडकी घडवायचे. शिष्यवृत्ती मिळाली तरच म्हादूचं शिक्षण पुढे चालणार होतं. अर्जाला चारच दिवस उरले होते.

"ऑफिसातल्या बाई सांगतील तसंच कर हं, बाळा," आबा म्हणाले.

त्या खामकरबाई म्हणाल्या, "आधी वडिलांचं उत्पन्न दाखव."

दुसऱ्या दिवशी म्हादू डोक्यावर चार मडकी घेऊन हजर.

"हे काय रे?"

"आबांचं उत्पन्न. पाच होती, एक वाटेत फुटलं."

"अरे देवा! असं नाही आणायचं. कागदावर आणायचं!"

"चुकलो बाई. आता तसंच करतो."

"आणि उद्या पालक घेऊन ये."

म्हादूने पालक आणला. वर्तमानपत्राचा कागद, त्यावर हिरवीगार जुडी.

"कागदावरच आणलाय, बाई."

बाईंनी डोकं धरलं. "पालक म्हणजे आई-वडील रे! हाताला धरून आणायचं!"

"चुकलो बाई. आता तसंच करतो."

"थांब. आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आण."

म्हादूने तहसीलमधल्या कारकुनालाच हाताला धरून आणलं. कारकून घामाघूम.

"बाई, हा हात सोडेना हो! शिक्कासुद्धा हातातच राहिला माझ्या."

सुटका व्हावी म्हणून त्यांनी तिथंच दाखला लिहिला, शिक्का मारला आणि पळाले.

"बघ म्हादू," बाई म्हणाल्या, "शिक्का असला तरच इथं चालतं. उद्या शेवटचा दिवस. आबांना सहीला आण, नाहीतर अर्ज गेला."

दुसऱ्या दिवशी आबा आले. कपाळावर निळा, गोल, ठसठशीत शिक्का. बाईंनी वाचलं, 'आवक'.

"दारातल्या टेबलावर होता," म्हादू म्हणाला. "आत येणाऱ्या कागदांवर शिपाईकाका तोच मारतात."

"हळूच मारला हो पोरानं," आबा म्हणाले.

बाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. आबांनी सही केली. अर्ज वेळेत गेला.

"झालं बाबा तुझं काम! जा, आबांना घरी ने."

म्हादू जागचा हलेना.

"नेतो बाई. पण 'जावक'चा शिक्का कुठाय?"