रातवा, टिटवी आणि मुंगूस

माळावर अजून नांगर फिरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. तिथे एक रातवा राहत होता. रात्री तो उडता उडता पतंग आणि किडे खाई. दिवसा पळसाच्या वाळल्या पानांत, दोन अंडी पोटाखाली घेऊन निश्चल बसे. घरटे नव्हते. अंगाचा रंग पानांसारखा, तेवढाच आडोसा.

शेजारच्या खडकाळीत टिटवीची चार अंडी होती. "दिवसभर नुसता लोळतोस रे!" ती चिडवायची.

एका दुपारी मुंगूस आले. रातवा इथेच कुठेतरी बसतो, हे त्याला ठाऊक होते.

"ए भित्र्या, समोर ये! तुझी पोरेही भित्रीच निपजणार."

डोळ्यांची चमक दिसू नये म्हणून रातव्याने डोळे मिटले. मुंगसाचा पाय त्याच्या शेपटीवर पडला. तो हलला नाही.

"तुझ्या बायकोला मी सकाळीच खाल्ले. ऐकतोस ना?"

ती पहाटेपासून परतली नव्हती. तरी रातवा हलला नाही.

टिटवीला मात्र राहवले नाही. अंड्यांवरून उठून ती ओरडली, "खोटारड्या! ती ओढ्यापलीकडे बसलीय, मी पाहिलंय तिला!"

मुंगसाने मान वळवली. खडकाळीत चार अंडी उघडी पडली होती.

कवचे फुटल्याचा आवाज रातव्याने ऐकला. टिटवी आकांत करत घिरट्या घालत होती. तिने आपल्यासाठीच तोंड उघडले, हे त्याला कळत होते. तरी तो उठला नाही.